अर्ध्यावर तोडलेलं वाक्य

बाई,

दुपारची वेळ आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय, चार वाजेपर्यंत आता कोणी येणार नाही. तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हा हे दुकान नव्हतं, म्हणून आधी तेवढं सांगते. बाजारातून जेटीकडे वळताना उजव्या हाताला माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशावताराच्या नाटकांची हँडबिलं, होमस्टेचे बोर्ड आणि निवडणुका आल्या की फ्लेक्स. शिवाय मी भाषणं लिहून देते. कोणाला सत्काराला बोलायचं असतं, कोणाला प्रचाराला, ते माझ्याकडे येतात. तुमच्याकडून शिकलेलं बोलणं मी लोकांच्या तोंडात घालते, असंच म्हणायला हवं. वडील गेल्यापासून घरात मी एकटीच असते. घरी गेलं की कुलूप काढायचं, दिवा लावायचा आणि एका माणसापुरता भात टाकायचा. त्यामुळे दुकान जितकं उशिरा बंद होईल तितकं मला बरं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आपल्याकडे नगराध्यक्षपदाची निवडणूक झाली. पद बायकांसाठी राखीव होतं आणि आता नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी होतो. दोघी उभ्या होत्या. एक हॉटेलवाल्यांच्या घरातली सून आणि दुसरी तुमची लेक. मी तुमच्या लेकीच्या विरुद्ध काम केलं. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले, बाई. रोज दुपारी कागद घेऊन बसायचे आणि दुकानाबद्दल लिहून झालं की थांबायचे.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. मागच्या दारातून आत आलं की उजवीकडे चूल, तिच्यावर पेजेचं मडकं, आणि तुम्ही पाटावर बसून नारळ खवताय. आम्ही दोघी, तुमची लेक आणि मी, सातवी-आठवीत असू. तिच्या हातात कालचा पेपर असायचा. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "वाच गो." आणि ती अग्रलेख वाचायला लागायची. एरवी आमच्यात ती चांगली चुरूचुरू बोलायची, पण मोठ्याने वाचायला लागली, किंवा वर्गात कोणी प्रश्न विचारला, की तिचा शब्द घशात अडकायचा. 'प' आणि 'क' तर निघतच नसत. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज नाही. मला ते बघवायचं नाही. मी पटकन पुढचा शब्द सांगून टाकायचे. एकदा तुम्ही खवणं थांबवलंत आणि माझ्याकडे बघितलंत. "ह्या घरात तिचा वाक्य पुरा होयसर कोणी मधी बोलूचा नाय. तिचो बापूस सुद्धा नाय, मी सुद्धा नाय." मग तिच्याकडे वळून म्हणालात, "आणि कोणी मधी बोललोच, तर परत पयल्यापासून सुरू कर. अर्ध्यावरसून नको." त्यानंतर मी कधी मध्ये बोलले नाही. चुलीचा आवाज ऐकत बसायचे. कधी कधी एका वाक्याला पेज उतू जाण्याइतका वेळ लागायचा. पण ते वाक्य पुरं झालं की तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी आणलेल्या कुठल्याही ढालीला कधी आलं नाही.

हो, ढाली मी आणत होते. शाळेसाठी, तुमच्यासाठी. नववीतली कणकवलीची वादविवाद स्पर्धा तुम्हाला आठवत असेल. विषय होता, ट्रॉलरची मासेमारी बंद करावी की नाही. मी बंद करावी या बाजूने बोलत होते. माझ्यासमोरचा मुलगा चांगला बोलत होता, त्याच्याकडे मुद्दे होते, आणि मला वाटलं मी हरणार. त्याच्या वडिलांचा ट्रॉलर आहे हे मला बाहेर कोणीतरी सांगितलेलं. मी त्याच्या पायांकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "याच्या पायातले बूट ज्या ट्रॉलरच्या जिवावर आलेत, त्या ट्रॉलरच्या विरुद्ध हा बोलेल कसा?" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. त्या मुलाने आपले पाय बाकाखाली ओढून घेतले. पहिला नंबर मला मिळाला. परतीच्या एसटीत ढाल मांडीवर घेऊन मी बसले होते आणि तुम्ही कसालपर्यंत खिडकीबाहेर बघत होतात. मग म्हणालात, "मुद्दो तुझो बरो होतो. त्याच्या बापाशीक मधी कित्याक आणलंस?"

"पण जिकलंय मां, बाई."

"तू जिकलंस. मुद्दो खंय जिकलो?"

पुढच्या रविवारी तुम्ही मला त्या मुलाच्या घरी घेऊन गेलात. दोन बस बदलून, पिशवीत कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन. तो पडवीत जाळं विणत बसला होता. मी माफी मागितली तेव्हा तो मान खाली घालूनच म्हणाला, "माका काय वाटूक नाय. तू बरा बोललंस." त्याच्या आईने आम्हाला चहा दिला. परत निघाल्यावर मी सुटल्यासारखी उड्या मारत चालत होते. तुम्ही म्हणालात, "तो खोटा बोललो. तुका बरा वाटाचा म्हणान." मी त्या दिवशी तुमच्यावर खूप चिडले होते. माफी मागितली, तरी सोडत नाही ही बाई.

आता निवडणुकीचं सांगते. तुमची लेक दोन वेळा नगरसेविका होती. लोक तिला मानतात. जेटीच्या पलीकडे वाळूला लागून जी मोकळी जागा आहे, जिथे बायका बांगडे नि सुंगटं सुकत घालतात, तिथे पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं घाटत होतं. ती त्याच्या विरोधात उभी राहिली. ती जागा बायकांची आहे, एवढाच तिचा प्रचार. ती बरोबर होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी हॉटेलवाल्यांची सून दुकानात आली आणि म्हणाली, "मॅडम, माझी भाषणां तुमीच लिवा, दुसऱ्या कोणाचा माका पटाचा नाय," तेव्हा मी हो म्हटलं. का म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. तुमची लेक माझ्याकडे आली नव्हती, हे एक. तिने अर्ज भरला ते मला दुसऱ्याकडून कळलं. आणि दुसरं असं की, त्या दिवसापासून संध्याकाळी दुकानात माणसं यायला लागली. खुर्च्या कमी पडायच्या. समोरून चहा यायचा, भजी यायची, "मॅडम, ह्या बघा, मॅडम, त्या कसा वाटता" चालू असायचं. सहा आठवडे मी एकटी जेवले नाही.

ती दुकानात आली ती अर्ज भरल्यानंतर तीन-चार दिवसांनी, पत्रकं छापायला. भिंतीला टेकवून ठेवलेले त्या दुसऱ्या बाईचे फ्लेक्स तिने बघितले. "तू तेंचा काम घेतलंस?"

"होय."

तिने हातातला पत्रकाचा मजकूर घडी करून पिशवीत ठेवला. "बरा. माझी पत्रकां मी कुडाळाक करून घेतंय."

"रागावलंस?"

"नाय गो. तुझा काम आसा तां." आणि जाता जाता पायरीवर पडलेला कागदाचा गठ्ठा उचलून तिने काउंटरवर ठेवला.

इथे एक पोरगा मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. त्याने दोन्ही उमेदवारांना समोरासमोर बोलवायचं ठरवलं, अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांचं होतं तसं. आमच्या उमेदवारबाई घाबरल्या. "मॅडम, ती बोलाक लागली की लोक गप होऊन आयकतत. माका तसा जमाचा नाय." मी त्यांना म्हटलं, माझ्यावर सोडा. मग मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते अमेरिकेतले वादविवाद बघत बसले. इंग्रजी सगळं कळत नव्हतं, पण कळावं लागत नाही. आवाज बंद करून बघितलं तरी समजतं. समोरचा बोलत असताना मान हलवत हसायचं. प्रश्न रस्त्याचा असला तर उत्तर समोरच्याच्या घराबद्दल द्यायचं. एक वाईट टोपणनाव शोधायचं आणि ते इतक्यांदा घ्यायचं की लोकांना खरं नाव आठवू नये. आणि सगळ्यात सोपं म्हणजे, वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. पहिला अर्धा भाग झाला की तोडायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं याच्याकडे सांगायला काही नव्हतंच. पृथ्वीवरच्या एवढ्या मोठ्या पदासाठी माणसं असं बोलतात, हे बघून मला धक्का बसायला हवा होता. मी वही काढून लिहून घेत होते.

हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही सराव केला. आमच्या उमेदवारबाई एका टेबलामागे आणि दुसऱ्या टेबलामागे मी, तुमची लेक म्हणून. मी तिच्यासारखी बोलायला लागले. दीर्घ श्वास घेऊन, सावकाश, एकेक शब्द ठेवत. ते तुमचंच बोलणं होतं, बाई, तुम्ही तिला दिलेलं. मी म्हटलं, "आता तोडा." त्यांनी तोडलं, पण भलत्या ठिकाणी. मी म्हटलं, "तिथे नको. 'प'चा शब्द येतो, त्याच्या अगोदर." त्यांना कळेना. "'प'नं काय होता?" तेव्हा मी त्यांना करून दाखवलं. तोंड उघडं ठेवलं, डोळे मोठे केले आणि 'प प प' केलं. हॉलमध्ये दहा-बारा जणं होती. सगळी हसली. कोणीतरी म्हणालं, "मॅडमांक नाटकात घेवक होया." ती कधी अडखळायची, हे गावात आता कोणाला आठवतही नव्हतं, वर्गातल्या मुलांनासुद्धा. पस्तीस वर्षांत कोणी ते ऐकलं नव्हतं. कुठल्या अक्षरावर ती अडकते, ते फक्त तुमच्या स्वयंपाकघराला माहीत होतं आणि त्या स्वयंपाकघरात घरच्यांखेरीज एकटी मीच बसायचे.

समोरासमोरचा कार्यक्रम संध्याकाळी बाजारातल्या हॉलमध्ये झाला. उभं राहायला जागा नव्हती. मासे सुकवणाऱ्या बायका पहिल्या रांगेत खाली बसल्या होत्या, काहींच्या टोपल्या बरोबर होत्या. त्या चॅनेलवाल्या पोराने पार्किंगच्या जागेचा प्रश्न विचारला. तुमची लेक उठली. माईक हातात घेतला, श्वास घेतला. "किनाऱ्यावरची ती जागा आपल्या गावातल्या बायकांच्या—"

"ताई, तुम्ही स्वतः कधी मासे सुकवलेत काय?"

आमच्या उमेदवारबाईंनी बरोबर तिथे तोडलं आणि लोक हसले. ती थांबली आणि तुम्ही शिकवलं होतंत तसं पहिल्यापासून सुरू केलं. "किनाऱ्यावरची ती जागा आपल्या गावातल्या बायकांच्या प—"

"नाय, आधी त्याचं उत्तर द्या."

आणि ते झालं. तिचं तोंड उघडं राहिलं. पोटाची म्हणायचं होतं तिला. प वर ती अडकली, आणि माईकमधून नुसते ओठ आपटल्याचे बारीक आवाज यायला लागले. आमच्या उमेदवारबाईंनी टेबलावरची बाटली उचलली, पुढे केली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "ताई, घाबरू नका. पाणी देऊ?" हॉलमध्ये हशा फुटला. ती ओळ माझी होती. त्यानंतरचीही माझीच होती, "ज्यांना आपल्या गावात एक वाक्य पुरं बोलता येत नाही, त्या ओरोसला कलेक्टरसमोर आपलं गाऱ्हाणं काय घालणार?" मी तिसऱ्या रांगेत होते. तुमच्या लेकीने हॉलभर बघितलं आणि तिला मी दिसले. तिला तेव्हाच कळलं, यात मला शंका नाही. ती रागावलेली नव्हती. कोणी आपल्या घरातली गोष्ट रस्त्यावर सांगताना ऐकलं की माणूस कसा चेहरा करतो, तसा तिचा चेहरा होता. मग तिने नजर काढून घेतली आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केलं. "किनाऱ्यावरची ती जागा." तेवढ्यात पोरगा म्हणाला, वेळ संपली.

आमच्या उमेदवारबाईंच्या नवऱ्याच्या भानगडी गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. तुमच्या लेकीने त्यातली एक जरी काढली असती तरी सभा फिरली असती. तिने काढली नाही. खाली बसलेल्या बायकांतली एक म्हातारी उठून ओरडली, "अगो, तिका बोलाक दी मगे!" पण तोपर्यंत लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी त्या अडकण्याचा तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर होता. कोणीतरी त्याला होडीचं इंजिन सुरू होत नाही तेव्हाचा आवाज जोडला होता. दोरी ओढायची, फुर्रर्र, बंद. दोरी ओढायची, फुर्रर्र, बंद. त्यावरून तिला 'बंद इंजिन' नाव पडलं. ते नाव मी दिलं नाही, पण त्याने काही फरक पडत नाही. माझ्या दुकानात एक माणूस मुलाच्या मुंजीची पत्रिका छापायला आला होता, त्याने मला तो तुकडा दाखवला आणि हसता हसता म्हणाला, "बघलास?" मी पत्रिकेतलं शुद्धलेखन तपासत राहिले.

आम्ही जिंकलो. फार मतांनी नाही. फटाके वाजले, गुलाल उडाला, मला गाडीत बसवून गावभर फिरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने चार खुर्च्या बाहेर मांडल्या. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मांडल्या नाहीत. नव्या नगराध्यक्षबाई रस्त्यात भेटतात, गाडीची काच खाली करून हात करतात. मासे सुकवायच्या जागेला आता कुंपण झालंय. बायका रस्त्याच्या कडेला प्लास्टिक टाकून सुंगटं सुकत घालतात आणि गाड्यांची धूळ त्याच्यावर बसते. त्यांतली एक माझ्या घरी नेहमी सुकवलेला गोलमा आणून द्यायची, ती आता येत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मार्च महिन्यात एसटी स्टँडवर तुमची लेक भेटली. मी धामापूरला देवीला चालले होते आणि ती बाकावर बसली होती. दुसरी रिकामी जागा नव्हती. मी तिच्या शेजारी बसले. ती बारीक झालीये. मी विचारलं, "बरी आसस?" तिने मान हलवली. मग माझ्याकडे वळून काही सांगायला लागली. "आयेच्या खोलयेची क— क—" मालवणीत, माझ्याशी, एसटी स्टँडवर. लहानपणी सुद्धा ती माझ्याशी बोलताना कधी अडकली नव्हती. मला ते सहन झालं नाही. मी पटकन म्हटलं, "कौलां?" तिने डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "पुरा करूक दी."

मी गप्प बसले. धामापूरची गाडी लागली, कंडक्टरने हाक मारली, माणसं चढली, गाडी गेली. मी हललेही नाही. तिने परत पहिल्यापासून सुरू केलं. केवढा वेळ गेला, ते मी सांगू शकत नाही. शेवटी वाक्य पुरं झालं. आयेच्या खोलीची कौलं पावसाआधी परतायची आहेत, दोन ठिकाणी गळतं, कोणी चांगला माणूस असला तर सांग. बस्स, एवढंच होतं ते. मी म्हटलं, "बघतंय, सांगतंय." ती उठली, पदर सारखा केला आणि तिच्या गाडीकडे गेली. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तीही म्हणाली असती, माका काय वाटूक नाय. आणि यावेळी ते खोटं आहे असं सांगायला माझ्याबरोबर कोणी नव्हतं.

तुमच्या खोलीत ती आता तुमच्याच खाटेवर झोपते, असं लोक सांगतात. मी तुम्ही गेल्यापासून त्या घरात पाऊल टाकलेलं नाही, तेव्हा मला माहीत नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही. लिहून झालं की रद्दीच्या गठ्ठ्यात जाईल, नाहीतर ड्रॉवरमध्ये राहील.

कौलं परतणारा एक माणूस मला मिळाला, चौके गावातला, कामाला चांगला. त्याचा नंबर देण्यासाठी मी तीन वेळा तिला फोन लावला आणि तिन्ही वेळा रिंग जायच्या आत बंद केला. ती उचलेल आणि तिच्या तोंडून हॅलो निघेपर्यंत मला कानाला फोन लावून थांबावं लागेल, तेवढं माझ्याने होईना. शेवटी त्या माणसाला मी परस्पर पाठवून दिलं. कोणी पाठवलं म्हणून विचारलं, तर माझं नाव घेऊ नको, म्हणून सांगितलं त्याला.